छत्तीस तासांची गोळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

दीड वर्ष जे तोंडातून बाहेर पडत नव्हतं, ते आज दीड मिनिटात सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. आत शिरताना वाटलं होतं, गुडघ्याचं काहीतरी सांगावं आणि परत फिरावं. पण मी सव्वीस वर्षं लिफ्ट तपासतोय. बिघाड लपवणाऱ्या इमारतवाल्यांना झापण्यात हयात गेली, आणि आता स्वतःचाच बिघाड लपवायचा? खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "बाई, बायकोजवळ जातो, पण ऐनवेळी शरीर साथ देत नाही."

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही, नुसतं लिहून घेतलं. जसं काही मी सर्दी झालीय म्हणालो. तिथेच अर्धा भार उतरला.

मग प्रश्न सुरू झाले. साखर? नाही. रक्तदाब? किंचित, गोळी चालू आहे. सिगरेट? सोडून चार वर्षं झाली. जिना चढताना छातीत दुखतं का? नाही म्हणालो. गच्चीवरच्या मशीन रूमचा शेवटचा जिना चढताना छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं होतं खरं, पण दोन मिनिटं थांबलं की जातं. चोपन्नाव्या वर्षी अवजारांची पिशवी खांद्याला लावून जिने चढल्यावर कुणाला होत नाही? डॉक्टरांना असलं बारीकसारीक सांगितलं की ते तपासण्यांचं शेपूट लावतात. कार्डिओग्राम गेल्या वर्षी काढला म्हणून ठोकून दिलं. तीन वर्षं झाली असतील. बाई म्हणाल्या, तरी नवा काढून आणा.

चार गोळ्या लिहून दिल्या. नाव सिल्डेनाफिल. एक तास आधी घ्यायची, पोट शक्यतो हलकं हवं, दिवसात एकच. असर चार-पाच तास. गोळी घेऊन नुसतं बसून राहिलं तर काही होत नाही म्हणे, मनात यावं लागतं. ते माझ्याकडे आहे. शेवटी एक बजावलं, की हृदयाचे रोगी दुखायला लागल्यावर जिभेखाली जी गोळी ठेवतात, ती आणि ही कधीच एकत्र घ्यायची नाही. रक्तदाब एकदम तळाला जातो, जिवावर बेततं. तिचा-माझा काही संबंध नाही, त्यामुळे मी मान डोलावली.

कधी घेतली, आधी काय खाल्लं, काय झालं, ते लिहून ठेवा म्हणाल्या. मला सांगायला नको. नोंदीशिवाय तपासणी कसली? येताना वही घेतली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

औषधाच्या दुकानात तीन बायका उभ्या. मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि बाहेर आलो. दुसऱ्या फेरीला दंतमंजन. तिसऱ्या फेरीला दुकानदारच हळूच म्हणाला, "काका, ती चिठ्ठी द्या इकडे." शहाणा माणूस. पाकीट चिकटवून दिलं.

डबी अवजारांच्या पिशवीतल्या पान्यांच्या कप्प्यात ठेवली. आत माहितीचा घड्या घातलेला कागद आहे, त्यावर मुंग्यांच्या रांगांसारखी अक्षरं. असली अक्षरं वाचणं हा हिचा धंदा. माझी बायको छापखान्यात मुद्रितं तपासते. मिठाच्या पुडीवरचा मजकूरसुद्धा चूक सापडल्याशिवाय ही खाली ठेवत नाही. म्हणून कागद आणखी खोल खुपसला.

हिला यातलं काही कळू द्यायचं नाही. दीड वर्षामागे हिचं ऑपरेशन झालं, गर्भपिशवी काढली. हिला नीट झोप लागावी म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो, तो तिकडचाच झालो. मधे तीन-चारदा आत गेलो, फजिती झाली, मग जाणं सोडलं. हिची काही तक्रार नाही. हिच्या बाजूने तो विषय मिटल्यासारखाच आहे. तेव्हा आता आनंदाचा धक्का द्यायचा.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिली चाचणी नापास. चूक माझी, गोळीची नाही.

दुपारी जेवण फक्कड झालं होतं. तळलेले मासे, वर दोनदा भात. मग आठवलं, रविवार आहे, आज मुहूर्त बरा. घेतली गोळी आणि सोफ्यावर घड्याळ बघत बसलो. एक तास गेला, दीड गेला. कपाळ ठणकायला लागलं, नाक चोंदलं, कान तापले. भिंत निळसर दिसते की काय असंही वाटलं. बाकी सगळं थंड. ही आली, माझ्या लाल तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, सर्दी झालीय तुम्हाला. टॉवेल डोक्यावर टाकून वाफ घ्यायला बसवलं. पुरुषाने शृंगाराची तयारी करावी आणि पातेल्यात तोंड घालून बसावं, असं आमचं नशीब.

निष्कर्ष: भरल्या पोटी निरुपयोगी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पान्यांच्या कप्प्यात माहितीचा कागद सापडेना. मग सापडला, डबीतच होता. फार सुरेख घडी घातलेली. मी कामात नीटनेटका आहेच.

१५ फेब्रुवारी, रविवार

जमलं.

आज सगळे योग जुळून आले. हीच सकाळी म्हणाली, पोट जड वाटतंय, आज जेवण उशिरा करू, तोवर चहा आणि एकेक फळ. शेजारीण दर रविवारी गप्पा मारायला येते, तिलाही हिने कालच कसलं तरी कारण सांगून टाळलं होतं. मी अकराला गोळी घेतली. बाराला उठलो, पेचकस घेतला आणि आतल्या खोलीच्या खिडकीची बिजागरी सैल झालीय म्हणत आत गेलो. ही पलंगावर वाचत पडली होती. बिजागरी चांगली घट्ट होती, तरी मी ती दोनदा पिळली. हिने पुस्तक बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे सरकली. जागा झाली.

तपशील लिहीत नाही. यंत्र चाललं, एवढं पुरे. घाई झाली थोडी, कारण मला भीती होती की मधेच बंद पडेल. नाही पडलं.

नंतर हिचे डोळे ओले दिसले. खिडकी हलवल्याने धूळ उडाली असणार. "मला वाटलं होतं..." असं काहीतरी म्हणायला लागली आणि पुस्तक परत उघडलं. मी तेव्हा हिशेब करत होतो की असर आणखी तीन तास आहे, त्यामुळे काय वाटलं होतं ते विचारायचं राहिलं.

डोकं दुखतंय, पण विजयी माणसाचं डोकं दुखलं तर काय बिघडतं?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंकडे वही घेऊन गेलो. पहिल्या गोळीबद्दल माझं मत सांगितलं. काम चोख, पण घड्याळ गळ्यात बांधल्यासारखं होतं. पोट बघा, तास बघा, मग बायकोकडे बघा. बाई हसल्या. म्हणाल्या, दुसरी आहे, टाडालाफिल. तिचा असर छत्तीस तासांपर्यंत राहतो, जेवणाची अट नाही. मात्र काहींची पाठ आणि मांड्या दुखतात, आणि शरीरात जास्त वेळ राहते म्हणून जिभेखालच्या गोळीची ती ताकीद दोन दिवस पाळायची. मी म्हटलं, चालेल.

कार्डिओग्राम? रांग मोठी होती म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. म्हणाल्या, "काका, हा कागद मी माझ्या हौसेसाठी मागत नाहीये." पुढच्या खेपेला नक्की. या वेळी दोनच गोळ्या दिल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी गोळी पहिल्या नंबराने पास. दुपारी जेवून घेतली, मग विसरूनही गेलो. संध्याकाळी ही कपड्यांच्या घड्या घालत होती, मी मदत करायला बसलो आणि चादरीवरून विषय निघाला. घड्याळ नाही, पेचकस नाही. यावेळी घाईही केली नाही.

पाठ दुखतेय, वंगण नसलेल्या साखळीसारखी. पण दोन्ही गोळ्यांची तुलना केली तर मी दुसरीलाच मत देईन. पहिली म्हणजे ठरल्या वेळी सुटणारी गाडी. दुसरीत घरच्यासारखं वाटतं.

हिने संध्याकाळी विचारलं, तुमचा कार्डिओग्राम कधी काढला होता हो शेवटचा? कसं काय सुचलं म्हटलं, तर म्हणाली, छापखान्यात कुणाच्या तरी नवऱ्याचा विषय निघाला होता. बायका कामावर काय काय बोलत असतात.

६ मार्च, शुक्रवार

आज एका सहा मजली इमारतीत मशीन रूमच्या अलीकडच्या पायरीवर बसावं लागलं. छातीवरचा गुडघा जरा जोरात होता आणि दुखणं जबड्यापर्यंत आलं. सोबतच्या वायरमनला सांगितलं, दोर वाजतोय का ते ऐकतोय. दोर व्यवस्थित होता. चार-पाच मिनिटं लागली. सकाळचा चहा रिकाम्या पोटी घेतला, त्याचा वायू.

१२ मार्च, गुरुवार

मेहुण्यांचा राग ओढवून घेतला. हिचे मोठे भाऊ, आम्ही दोघंही त्यांना दादा म्हणतो. ते या रविवारी नव्या घरात राहायला जाताहेत, चौथ्या मजल्यावर. नेमकी ती इमारत माझ्या यादीत आली. ब्रेकचे लायनर पार झिजलेले. लिफ्ट बंद केली, दाराला सील लावलं. दादांचा फोन आला, सोमवारी बंद केली असती तर काय आकाश कोसळलं असतं? म्हटलं दादा, आकाश नाही, पण लिफ्ट कोसळली असती. तुमचं सामान मी स्वतः जिन्याने वर नेतो. दादांना वर्षभरापूर्वी हृदयाचा त्रास होऊन गेलाय, त्यांनी काही उचलायचं नाही असं बजावलं.

१४ मार्च, शनिवार

दुपारी शेवटची गोळी घेतली. ही म्हणाली, उद्या चार मजले चढायचेत, आज दमू नका. मी म्हटलं, दमायला मी काय म्हातारा झालोय? हिने घड्याळाकडे पाहिलं. पण संध्याकाळ छान गेली. पुन्हा चिठ्ठी आणली पाहिजे.

१९ मार्च, गुरुवार. इस्पितळ

ही वही हिनेच आणून दिली. पान्यांच्या कप्प्यातून. यावरून पुढचं समजावं.

रविवारी दोन हमाल होते, तरी मी मोठेपणा केला. पहिल्या फेरीत दोन खुर्च्या, दुसऱ्या फेरीत भांड्यांचं खोकं. तिसऱ्या फेरीला पुस्तकांचं खोकं उचललं आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो गुडघा आला. या वेळी दोन मिनिटांत गेला नाही. डावा हात खांद्यापासून भरून आला, शर्ट पाठीला चिकटला, खोकं हातातून सुटलं. मी पायरीवर बसलो. आवाज ऐकून दादा वरून धावत आले, मागे वहिनी, हमाल, आणि समोरच्या दारातून कुणी अनोळखी बाई डोकावलेली. दादांना हे दुखणं ठाऊक. त्यांची छोटी बाटली कायम खिशात असते. झाकण उघडून गोळी चिमटीत धरली आणि म्हणाले, "तोंड उघडा, जिभेखाली ठेवा."

मला सगळं आठवलं. डॉक्टरीणबाईंचा शब्द अन् शब्द. पण समोर पाच माणसं होती. त्यांच्यासमोर काय सांगायचं, की मी काल कसली गोळी घेतली? आणि मनात वकिली सुरू झाली, की काल दुपारची गोष्ट, एव्हाना उतरली असेल. खरं लिहायचं तर मी तोंड उघडलं. लाज वाचवायला मी तोंड उघडलं.

ही खालून येत होती. हातातली पिशवी टाकून वर आली आणि दादांचं मनगट धरलं.

"दादा, ती देऊ नकोस. यांनी काल दुपारी टाडालाफिल घेतलीय. छत्तीस तासांची आहे ती. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब जाईल."

एकेक अक्षर सुटं, मुद्रित मोठ्याने वाचताना बोलते तसं. दादा गोंधळले. कसली गोळी म्हणाले.

"नवराबायकोतली," ही म्हणाली. "आता रुग्णवाहिका बोलाव."

कुणी हसलं नाही. वहिनी फोनकडे धावल्या. ही माझ्या शेजारी पायरीवर बसली, माझ्या गळ्याची गुंडी सोडली आणि मला बोलू दिलं नाही. रुग्णवाहिकेतल्या माणसाला हिने गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, सगळं सांगितलं. मी अडीच म्हणत होतो, हिने सव्वादोन म्हणून दुरुस्त केलं. इस्पितळात परत तेच सगळं, आणि डॉक्टरांनी ते फायलीवर लाल शाईने लिहिलं. माझा रक्तदाब आधीच घसरलेला होता. ती गोळी जिभेखाली गेली असती तर जिन्यावरून खाली उतरलो नसतो, असं ते नंतर म्हणाले.

खाली मला खुर्चीत बांधून आणलं, सील लावलेल्या लिफ्टसमोरून. दादा काल भेटायला आले तेव्हा म्हणाले, तेवढ्यापुरती तरी चालू ठेवली असतीत. मी म्हटलं, सील बरोबर होतं.

२१ मार्च, शनिवार. इस्पितळ

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवल्या, स्टेंट म्हणतात त्या. हृदयाच्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. म्हणाले, अंगातल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकाच वयाच्या, पण खालच्या बारीक, हृदयाच्या जाड. गंज चढायला लागला की बारीक आधी तुंबतात. म्हणजे दीड-दोन वर्षांपूर्वी तुमचं शरीर सांगत होतं की वर बघा. "तुम्ही गोळ्यांची तुलना करत बसलात," म्हणाले. त्यांनी वही वाचली नव्हती. हिने सांगितलं असणार.

मी सव्वीस वर्षं लोकांना सांगतोय की लिफ्ट मजल्यावर नीट थांबत नसेल तर दार बदलू नका, वर जाऊन ब्रेक बघा.

दुपारी ही डबा घेऊन आली. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, पहिल्याच गुरुवारी. खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या आणल्यात आणि घरात तीन दंतमंजनं असताना चौथं. तेव्हाच संशय आला. मग बोटाला लावायला पट्टी हवी होती म्हणून तुमची पिशवी उघडली, पुढे रोजच उघडत राहिले. तो कागद दोनदा वाचला. त्यात दोन चुका आहेत.

मग बोलली का नाहीस, म्हटलं. हिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. ऑपरेशननंतर तुम्ही उशी घेऊन बाहेर गेलात. आज येतील, उद्या येतील, करत मी थांबले. आलात तेव्हाही अर्ध्यातून उठून गेलात. मग वाटलं, माझ्यात आता तुम्हाला हवंसं काही उरलं नाही. मग ती डबी सापडली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्हाला यायचंय."

मला वाटत होतं हिच्या बाजूने विषय मिटला. हिला वाटत होतं माझ्या बाजूने. मी सांगायला गेलो की फजितीची लाज वाटत होती, पण बोलता बोलता हात छातीवर गेला आणि नर्सला वाटलं परत दुखतंय. तिने येऊन नाडी बघितली.

नर्स गेल्यावर ही म्हणाली, "गोळी लपवलीत त्याचं मला हसू आलं. जिन्यात दुखायचं ते लपवलंत, त्याचं नाही येणार. वायरमनने सांगितलं मला." आणि खरंच हसली नाही. बराच वेळ माझ्याकडे पाठ करून खिडकीतून बघत होती. मी सॉरी म्हणालो. तेहतीस वर्षांत दुसऱ्यांदा.

२४ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो, दोघं. दारातच त्यांना सांगितलं की छातीबद्दल मी खोटं बोललो होतो. त्या रागावल्या नाहीत, पण नवा कागद घेतला आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. या वेळी मी खरं सांगितलं आणि जिथे मी अडखळलो तिथे हिने सांगितलं.

मग हिने पर्समधून चिठ्ठी काढली. नऊ प्रश्न, आकडे घातलेले. हृदयाच्या नव्या गोळ्यांबरोबर दोघींपैकी कोणती चालेल, किती दिवसांनी, रोज थोड्या ताकदीची घेतात ती वेगळी का. बाई हिलाच उत्तरं देत होत्या. मी मधे फायलीसारखा बसून होतो. उत्तरांचं सार असं, की आत्ता यांच्याही खिशात जिभेखालची बाटली दिलेली आहे, त्यामुळे सध्या दोघीही बंद. दोन जिने न थांबता, न दुखता चढता आले आणि हृदयाच्या डॉक्टरांनी ती बाटली बंद केली, की मग बघू. कोणती जास्त जोरदार हा प्रश्नच नव्हे म्हणाल्या. माणूस आणखी काय काय घेतो आणि त्याचं हृदय तयार आहे का, यावर ठरतं.

मी आज दीड जिना चढलो. दुखलं नाही. मे महिना उजाडेपर्यंत दोन होतील. मी लिहून देतो.

२६ एप्रिल, रविवार

दुपारी जेवणानंतर ही बाहेरच्या खोलीत आली, माझी उशी काखेत मारली आणि आत चालायला लागली. मी मागे गेलो. पलंगावर माझ्या बाजूला चादर बदललेली होती.

प्रामाणिकपणा आता अंगवळणी पडलाय. म्हणून आधीच सांगून टाकलं, की हे बघ, गोळी बंद आहे, माझ्याकडून सध्या काही व्हायचं नाही.

"मी काही विचारलं का?" ही म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.

आडवे झालो. मुलीच्या फोनबद्दल बोललो, दादांच्या नव्या घराबद्दल बोललो. लिफ्ट सुरू झालीय, नवे लायनर मी स्वतः तपासले. बोलता बोलता हिने हात माझ्या छातीवर ठेवला आणि तसाच डोळा लागला हिचा. तासभर तरी तो हात तिथेच होता. झोपेत काढायचा राहून गेला असेल. हाताला रग लागेल म्हणून मी एकदा उचलून बाजूला ठेवला, तर डोळे न उघडता परत तिथेच आणून ठेवला.

मग मी हललो नाही.